चौथ्या मजल्यावरची अट

रफूमावशींना त्या सकाळी दोन शिंका आल्या, आणि बारा वाजायच्या आत ती बातमी तळघरातल्या धुलाईखोलीपासून गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माळ्यापर्यंत सर्वांना पोचली. साडेबाराला मुख्य आचारी स्वतः वाफाळते सूप घेऊन वर आला. पाठोपाठ द्वारपाल आला, हातात लोकरी मफलर घेऊन. आणि त्याच्यामागे, जिन्यावर धापा टाकत, व्यवस्थापक.

"डॉक्टरांना बोलावलंय," व्यवस्थापक म्हणाला.

"कोणाला काय झालं?" मावशींनी सुईवरची नजर न काढता विचारले.

"तुम्हालाच, मावशी. शिंका आल्या म्हणे."

"लोकरीचा कोट झटकला की शिंक येतेच. पंचेचाळीस वर्षं येतेय. तेव्हा नाही कोणी डॉक्टर धाडला."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

ती वेगळी होती यात शंका नाही. शहराच्या जुन्या भागात, समोरून कोणी आले तर भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागेल अशा अरुंद गल्लीत हे चार मजली दगडी घर आहे. त्याच्या वयाबद्दल दोन मते आहेत. दारावरच्या पितळी पाटीवर एक साल कोरलेले आहे. जमीनमोजणीच्या सर्वांत जुन्या नकाशात त्या सालानंतर सव्वीस वर्षांनीही इथे मोकळी जागाच दाखवली आहे. पाहुणे अर्थातच पाटी वाचतात. घर नव्याने सजवले तेव्हा फरशीची एकेक लादी उचलून, मागे क्रमांक घालून, धुऊन पुन्हा जागच्या जागी बसवली गेली. दिवाणखान्याच्या छतावरून रंगाचे सात थर खरवडल्यावर त्यांच्याखाली निळी फुले निघाली, ती तशीच ठेवली. न्हाणीघरांत एकाच शिळेतून कोरलेले टब आले, पलंग इतके उंच की चढायला पायाशी चौरंग हवा, आणि जिन्याच्या पोकळीत काचेची लिफ्ट. अकरा दालने, बेचाळीस नोकरमाणसे. आणि चौथ्या मजल्यावर, लिफ्ट जिथे पोचत नाही तिथे, बावीस अरुंद लाकडी पायऱ्यांच्या वर, सत्तरीच्या रफूमावशी.

मावशी इथे लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सात बिऱ्हाडे होती. नवरा टंकलेखन यंत्रे दुरुस्त करी. मावशी रफू करीत. कपड्याला भोक पडले की त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून घ्यायचे आणि त्यांनीच वीण पुन्हा विणायची, ही त्यांची पद्धत. बाहेरचा धागा त्यांनी कधी वापरला नाही. आणि दुमड पुरेशी नसेल तर काम परत पाठवले. नवरा गेला, यंत्रे भंगारात गेली, पण रफू चालू राहिले.

त्या काळात भाडेकरू आणि घरमालक यांच्यात जे चाले त्याला संबंध म्हणण्यापेक्षा वेढा म्हणणे अधिक अचूक ठरेल. एका मालकाने पाणी तोडले. दुसऱ्याने दुरुस्तीच्या नावाखाली जिन्याचा कठडा काढून नेला आणि चौदा महिने परत बसवला नाही. मावशी चौदा महिने भिंतीला खेटून चढल्या-उतरल्या, पण हलल्या नाहीत. म्हणून नवा मालक आला, गोड बोलला, आणि "तुम्ही हवं तितकं राहा हो" म्हणाला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "लिहून कुठे देता?"

बाकीची सहा बिऱ्हाडे नव्या सदनिका घेऊन गेली. मावशींनी मात्र चौकशी केली. त्यांना कळले की मालकाला पाहुणे ठेवण्याचा परवाना हवा आहे आणि तो जुन्या इमारतींच्या जतन-कार्यालयातून मिळतो. मग त्या आठ वेळा त्या कार्यालयात गेल्या. मालकाशी केलेला करार मालक मोडू शकतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते; परवान्यातली अट मात्र मोडली की त्याचाच धंदा बसतो. तेव्हा अट परवान्यातच हवी. अधिकाऱ्याला ती कल्पना आवडली: जुन्या घरात जुना व्यवसाय जिवंत राहील. अखेर ठरले ते असे: चौथ्या मजल्यावर रफूकाम करणारी भाडेकरीण प्रत्यक्ष राहत असेल तोवरच पाहुण्यांचा परवाना चालेल, वर्षात तीस रात्रींहून अधिक काळ ती नसेल, तर परवाना स्थगित आणि चौकशी सुरू.

"तीस पुरतील ना?" अधिकाऱ्याने विचारले होते.

"तीस? गेल्या वीस वर्षांत तीन रात्रीसुद्धा मी बाहेर काढलेल्या नाहीत," मावशी म्हणाल्या, आणि भिंग लावून, हयातभर राहण्याच्या हमीपत्राची प्रत्येक ओळ तपासून त्यांनी सही केली. त्या दिवशी त्या गल्लीतून चालल्या त्या जग जिंकल्यासारख्या.

मावशींचा मृत्यू झाल्यास परवान्याचे काय, हे लिहायचे राहूनच गेले. शिंकेला सूप येई ते त्यामुळे.

पहिली दोन वर्षे मावशींना याची गंमत वाटली. मग हळूहळू गंमत आटली. पाहणीच्या तक्त्यात त्यांच्या खोल्यांची नोंद होती: खोल्या दोन, खिडक्या तीन, नळ एक, रहिवासी एक. जे नोंदलेले ते तसेच राहिले पाहिजे. मधली खिडकी अडकून बसली होती. ती तासायला परवानगी लागे. भिंतीला एक फळी ठोकायची तर आराखडा द्यावा लागे. हिवाळ्यात खालच्या पाहुण्यांच्या फरशा आतून ऊबदार होत आणि वर मावशी दोन स्वेटर घालून सुई ओवीत. पाहुण्यांच्या माहितीपुस्तिकेत एक वाक्य छापले होते: "या घराच्या माथ्यावर आजही सुई चालते." म्हणून पाहुणे वर येत, दारात थबकत, हळू आवाजात बोलत. एका बाईंनी तर द्वारपालाच्या कानात विचारले, "या खऱ्या आहेत का?"

"टोचून दाखवू का?" मावशी आतून म्हणाल्या.

वसंतात धाकट्या बहिणीचे खुब्याचे हाड मोडले. ती समुद्राकाठच्या गावात, गाडीने सहा तासांवर, एकटी राही; नवऱ्याच्या मागे तिलाही मूलबाळ नव्हते. मावशी बावीस रात्री तिच्याकडे राहिल्या. तेविसाव्या दिवशी व्यवस्थापकाचा फोन आला. तो अत्यंत नम्रपणे तारखा मोजत होता. मावशी परतल्या. बहीण काठीच्या आधाराने चालू लागली, पण तिला एकटीने उठवेना, आंघोळ करवेना. बावीस पायऱ्या चढून ती इथे येणे शक्य नव्हते, आणि चढली असती तरी तक्त्यात रहिवासी एकच होता.

आणि आता, शिंकांच्याच आठवड्यात, बहिणीचा फोन आला.

"ताई, राणीसाहेब, दरबार भरलाय की सवड आहे?"

"बोल गं."

"त्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झालीये. एक तारखेपर्यंत हो-नाही सांगायचंय. तू येणार असशील तर मी नाही म्हणते. दोघी राहू. तुझ्या हातचं बेचव खाईन, तक्रार नाही करणार."

"आणि मी आले नाही तर?"

"तर तिथे जाईन. चार बायकांच्या खोलीत. त्यातली एक म्हणे दिवसभर गाते." ती हसली, आणि मग हसणे थांबवून म्हणाली, "ये ना गं, ताई. या खेपेला खरंच ये."

एक तारखेला एकोणीस दिवस होते.

मावशी तळघरात व्यवस्थापकाच्या खोलीत गेल्या. तो उठून उभा राहिला, त्याने खुर्ची दिली. "तुम्ही मोकळ्या आहात, मावशी. अगदी मोकळ्या. तुम्हाला अडवायचा अधिकार कोणालाच नाही. तुम्हीच तशी तरतूद केलीत." मग तो टेबलावरच्या पेन्सिली सरळ करू लागला. "फक्त चौकशी वर्षभर तरी चालेल. कदाचित दोन. तेवढा वेळ घर बंद. मालकांची दुसरी घरं आहेत, त्यांचं निभेल. इथले बेचाळीस लोक मात्र…"

मावशी तळघरातून बाहेर पडल्या तेव्हा भांडी घासणारीने हात पुसत त्यांना जागा करून दिली, माळ्याने "बरं वाटतंय ना आता?" असे विचारले, द्वारपालाने दार उघडले. रोज हेच घडे. त्या दिवशी मावशींना प्रथमच जाणवले की या घरात एकही माणूस त्यांच्याशी वाईट वागत नाही, आणि त्यामुळे कोणाशी भांडून बाहेर पडण्याची सोयही उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जतन-कार्यालयात नवव्यांदा गेल्या. अधिकारी तोच होता, केस पांढरे झाले होते. त्याने फाईल काढली, पाने उलटली, आणि मान हलवली. "वाट आहे. अट व्यक्तीला नाही, व्यवसायाला आहे असं मानता येईल. रफू येणारी दुसरी कोणी बाई तिथे राहायला तयार असेल, आणि हेच हमीपत्र याच शब्दांत सही करून देत असेल, तर तुमचं नाव काढून तिचं घालतो. माझ्या अधिकारात आहे. आठवड्याचं काम."

"हेच हमीपत्र? म्हणजे जन्मभराचं?"

"शब्द बदलला तर समितीपुढे जावं लागतं."

रफू येणारी दुसरी बाई शोधायला लांब जावे लागले नाही. धुलाईखोलीत एक इस्त्रीवाली होती, चौतिशीची, रुंद हातांची. सिगारेटने जळालेले टेबलाचे कापड ती मावशींकडे आणी आणि शेजारी बसून पाही. तीन वर्षांत ती मावशींच्या तोडीचे नाही तरी खपून जाईल असे रफू करू लागली होती. मावशींचे म्हणणे ऐकून तिने हातातली इस्त्री उभी ठेवली.

"दोन खोल्या? मला एकटीला?"

"आणि नळ एक."

"मावशी, मी सही करते. आत्ता करते. शाई आहे का?"

"आधी वाच तरी."

"वाचायचं काय त्यात? मी जावेच्या घरात पडद्याआड झोपते. पडदा. दार नाही. रात्री कूस बदलली की सकाळी दीर विचारतो, झोप नाही लागली का? मी जन्मभर इथे राहीन. मेले तरी इथेच बसवून ठेवा, हातात सुई देऊन."

मावशी हसल्या. तिसऱ्या दिवशी कागद तयार होऊन आला. दोन सह्या हव्या होत्या. सोडणारीची आणि येणारीची. व्यवस्थापकाने तो वर आणून खिडकीशी ठेवला आणि समंजसपणे निघून गेला. एक तारखेला पंधरा दिवस होते.

मावशींनी भिंग काढले. वाक्ये त्यांच्या ओळखीची होती. बरीचशी त्यांनीच सुचवलेली. "तीस रात्रींहून अधिक." "जोवर हयात आहे." त्यांनी दोनदा वाचले. मग पेन बाजूला ठेवले.

"काय झालं?" शेजारी उभ्या इस्त्रीवालीने विचारले.

"तुझी आई कुठे असते?"

"गावी. का?"

"ती पडली तर?"

"पडली तर बघू तेव्हा."

"मीही हेच म्हटलं होतं. तीसच्या जागी तीनसुद्धा चालल्या असत्या मला. तू आत्ता चौतीस वर्षांची आहेस. माणसाला पन्नाशीत काय हवं होईल ते चौतिशीत कळत नाही. जन्मभर नको. पाच वर्षं लिहून घेऊ. समितीपुढे जाऊ."

"समिती कधी बसते?"

"दहा आठवड्यांनी."

"आणि तोवर मालकाने आपली भाची आणून बसवली तर? दोन महिने रफू शिकवून?" इस्त्रीवालीचा आवाज चढला. "तुम्हाला मिळालं तेव्हा तुम्ही गल्लीभर मिरवलात. मला मिळतंय तर तुम्हाला माझी आई आठवली! तिला मी बघेन. तुम्ही कोण माझ्या वतीने घाबरणाऱ्या?"

"जिने हे भोगलंय, ती."

"भोगलंय! सूप प्यायलंत वरती बसून!"

ती पायऱ्या दणदणवत खाली गेली. तिचे म्हणणे चुकीचे होते असे मावशींना वाटले नाही. तिच्या बाजूने पाहिले तर ते पुरते बरोबर होते. सही केली तर आठवड्याभरात त्या बहिणीपाशी असत्या, इस्त्रीवाली आनंदात असती, बेचाळीस लोक निश्चिंत असते. सही न करण्याच्या बाजूने फक्त एक गोष्ट होती: हा कागद कसा दिसतो आणि नंतर कसा होतो, हे त्या घरात एकट्या त्यांनाच ठाऊक होते. ते ठाऊक असताना तो दुसऱ्या बाईच्या हाती देणे त्यांच्याने होईना. दोन दिवस त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली. तिसऱ्या दिवशी त्या कार्यालयात गेल्या आणि समितीसाठी अर्ज देऊन आल्या.

बहिणीला फोन करायला त्यांना संध्याकाळ झाली.

"म्हणजे नाही," बहीण म्हणाली.

"दहा आठवडे. फक्त दहा."

"ती जागा दहा आठवडे माझी वाट बघत बसणार नाही, ताई. आणि तिथे गेले की हे घर सोडावं लागेल. मग येशील कुठे? माझ्या खाटेखाली?" मग तिने विचारले, "त्या इस्त्रीवालीला तू विचारलंस?"

"ती तर सही करायला निघालीच होती."

"मलाही नाही विचारलंस, तिचंही नाही ऐकलंस. लहानपणापासून तुझं हेच. स्वतःच ठरवायचं आणि वर आपणच रडकं तोंड करायचं." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "सामान बांधायला तरी ये."

आठ रात्री शिल्लक होत्या. मावशी गेल्या, त्यांनी बहिणीचे घर आवरले, तिला आश्रमात पोचवले, तिच्या गाऊनांना नावाच्या पट्ट्या शिवून दिल्या. गाणारी बाई खरेच गात होती. एकच ओळ, आणि तीही अर्धी. नवव्या दिवशी मावशी परत आल्या तेव्हा आचाऱ्याने जिन्याखालून टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. इस्त्रीवाली त्यांत नव्हती.

पुढचे आठवडे ती जळकी कापडे दाराशी ठेवून न बोलता जाई. मावशी ती रफू करून दाराशीच ठेवीत. एकदा मावशींनी मुद्दाम एक टाका ढिला सोडला. दुसऱ्या दिवशी ते कापड परत आले, त्या टाक्यावर खडूने गोल काढलेला. मावशींना त्या आठवड्यात तेवढेच हसू आले.

समितीची खोली लांबट होती आणि तिच्यात सहा माणसे खोकत बसली होती. मालकाचा वकील म्हणाला की मुदत घालण्यास हरकत नाही, मात्र मुदतीअखेर नवी व्यक्ती मालकाने निवडावी. मावशी म्हणाल्या की निवड जाणारीने करावी. बराच खल झाला. अखेर निवड कार्यालयाकडे राहिली, जे कोणालाच नको होते आणि म्हणूनच सर्वांना मान्य झाले. तीस रात्रींच्या नव्वद झाल्या. मग अध्यक्षांनी इस्त्रीवालीकडे पाहिले.

"पाच वर्षं. मान्य?"

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली.

मावशींनी वळून पाहिले.

"दहा लिहा," इस्त्रीवाली म्हणाली. तिने मावशींकडे पाहिले नाही. "पाच वर्षांत माझं बूड टेकणार नाही. दहा हवीत. आणि मधेच सोडावंसं वाटलं तर सहा महिने आधी सांगून मोकळी. तेही लिहा. आई आहे माझी."

अध्यक्षांनी लेखनिकाकडे पाहिले, लेखनिकाने लिहिले. मावशींनी सही केली. खाली इस्त्रीवालीनेही केली.

"आदेश येत्या एक तारखेपासून लागू," अधिकारी म्हणाला. "तोवर तुमच्या रात्री संपलेल्या आहेत, मावशी. पाच दिवस. कुठे जाऊ नका."

त्या संध्याकाळी मावशींनी आश्रमात फोन लावला. बहीण फोनवर यायला वेळ लागला. मागे गाणे चालू होते.

"एक तारखेला सुटतेय," मावशी म्हणाल्या. "तुझ्या तिथे जवळपास खोली बघते."

"बघ. भेटायची वेळ चार ते सहा," बहीण म्हणाली. "गुरुवारी बंद." आणि क्षणभराने, "चार म्हणजे चार. उशीर केलास तर मी बोलणार नाही."

फोन ठेवेपर्यंत पायऱ्यांवर पावले वाजली. दार न ठोठावता इस्त्रीवाली आत आली, हातात शिवणकामाचा टेप. ती खिडकीच्या भिंतीशी गेली, वाकली, आणि कोपऱ्यापासून मोजू लागली. मावशींची खुर्ची मधेच येत होती.

"पलंग इथे बसेल का बघतेय," ती म्हणाली. दहा आठवड्यांत ती मावशींशी प्रथमच बोलत होती. "जरा सरका ना, मावशी."

मावशी उठल्या, खुर्ची ओढून बाजूला घेतली, आणि टेपचे दुसरे टोक भिंतीशी दाबून धरले.

"घट्ट धरा," इस्त्रीवाली म्हणाली. "सोडू नका हं."